चौथ्या सीटवरचं अक्षर

माणसांप्रमाणे अक्षरांनाही अंगकाठी असते, हे एकदा लक्षात आलं की माणूस वाचनाच्या कामातून जातो. बातमी काय आहे इकडे लक्षच राहत नाही. ती कोण सांगतंय तिकडे डोळे जातात. ‘टाइम्स’ नावाचं इंग्रजी अक्षर पाहिलं की मला काळा कोट घातलेले, प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरणारे कोर्टातले शिरस्तेदार दिसतात. ‘हेल्व्हेटिका’ पाहिली की परीटघडीचा शर्ट घातलेला, भांग नीट पाडलेला आणि स्वतःचं असं एकही मत नसलेला बँकेतला अधिकारी दिसतो. अशा बऱ्याच अक्षरांशी माझी येता-जाता मान हलवण्याइतकी ओळख आहे. पण ज्याच्याबद्दल चार शब्द लिहावेत (त्यातले दोन कौतुकाचे आणि दोन भांडणाचे) असं फार दिवस मनात होतं, ते अक्षर निराळंच आहे. लोकलच्या तिघांच्या बाकावर “जरा सरका” म्हणत बसणाऱ्या चौथ्या माणसासारखं. अंग चोरलेलं, पण पाय घट्ट रोवलेले.

इंग्रजी मुद्रकांच्या भाषेत या जातीला ‘कंडेन्स्ड स्लॅब सेरिफ’ म्हणतात. हे नाव मी घरात उच्चारलं तेव्हा आमची ही म्हणाली, “कंडेन्स्ड म्हणजे डब्यातलं दूध ना?”

“हो. आणि स्लॅब?”

“स्लॅब गच्चीचा. पण अहो, दूध आणि स्लॅब एकत्र कशाला?”

आता याला चूक म्हणता येत नाही. दूध जसं आटवून थोड्या जागेत बसवतात तसं अक्षराची रुंदी आटवली की ते कंडेन्स्ड झालं. उंची तीच, कंबर कमी. राहता राहिला स्लॅब. इंग्रजी अक्षराच्या दांड्याला डोक्याशी आणि पायाशी ज्या आडव्या टाचा असतात त्यांना सेरिफ म्हणतात. टाइम्सच्या टाचा नाजूक, टोकाशी निमुळत्या, कोल्हापुरी चपलेसारख्या. हेल्व्हेटिका अनवाणीच हिंडते. आणि स्लॅब सेरिफच्या टाचा म्हणजे पोलिसी बूट. जवळजवळ दांड्याइतक्याच जाड, चौकोनी आणि खाली सपाट. वर गच्ची, खाली फरशी आणि मध्ये दाटीवाटीने उभे दांडे. हिने सांगितलेला गच्चीचा स्लॅब आणि हा स्लॅब यांत फारसा फरक नाही.

या जातीत अक्षरं पुष्कळ आहेत, पण मी बोलणार आहे ते तिच्यातल्या थोरल्या घराण्याबद्दल. त्याचं नाव क्लॅरेंडन. जन्म १८४५, मुक्काम लंडन, फॅन स्ट्रीटवरची टाइप ओतण्याची फाउंड्री.

या फाउंड्रीची कथा एखाद्या फार्सला शोभावी अशी आहे. तिचा आधीचा मालक रॉबर्ट थॉर्न. जाडजूड, पोट सुटलेली अक्षरं पाडण्यात त्याचा हातखंडा. त्या काळी लंडनमध्ये लॉटरीच्या जाहिरातींना असल्या पहेलवानी अक्षरांची फार गोडी होती. गल्लीच्या टोकावरून दिसली पाहिजेत आणि रस्त्याने चाललेल्या माणसाच्या खिशात हात गेला पाहिजे, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा. थॉर्न १८२० साली वारला आणि फाउंड्री विक्रीला निघाली. ती कुणी घेतली? विल्यम थॉरोगुड नावाच्या माणसाने. याचा टाइपच्या धंद्याशी काडीचा संबंध नव्हता. पैसे कुठून आणले? लॉटरी लागली होती! लॉटरीच्या जाहिरातींवर पोसलेल्या धंद्यात लॉटरीचाच पैसा परत आला. देव असलाच तर तो छापखान्यात प्रूफं तपासायला बसत असणार, अशी शंका मला अशा वेळी येते.

या थॉरोगुडचा पुढे भागीदार झाला रॉबर्ट बेस्ली. क्लॅरेंडन याच बेस्लीचं. पोलादावर ते प्रत्यक्ष कोरलं बेंजामिन फॉक्स या कारागिराने. पण नाव मालकाचं झालं. हे आपल्याला नवीन नाही. ताजमहाल कुणी बांधला असं विचारलं तर आपणही गवंड्याचं नाव सांगत नाही.

आता जाड टाचांची अक्षरं ही काही बेस्लीच्या डोक्यातून निघालेली नव्हती. १८१५ ते १८१७ च्या सुमाराला व्हिन्सेंट फिगिन्सने ती ‘अँटिक’ या नावाने विकायला काढली होती. पुढे त्यांना ‘इजिप्शियन’ म्हणू लागले. कारण एवढंच की १७९८ साली नेपोलियन इजिप्तवर चालून गेला आणि त्यानंतर बरीच वर्षं युरोपात जे जे नवं आणि थोडं विचित्र ते ते इजिप्शियन ठरू लागलं. आपल्याकडे गोबी मंचुरियनचा मांचुरियाशी जेवढा संबंध, तेवढा या अक्षरांचा पिरॅमिडशी. ती अक्षरं भक्कम होती, पण नुसतीच भक्कम. दांडा आणि टाच यांचा सांधा काटकोनात, जणू सुताराने फळीला फळी ठोकली आहे. एका ओळीत शोभतील, पानभर सोसणार नाहीत.

बेस्लीच्या माणसांनी केलं ते वरवर पाहता अगदी मामुली. दांडा आणि टाच यांच्यामध्ये जो कोपरा होता तिथे हलकीशी गोलाई भरली. झाडाचा बुंधा जमिनीत शिरताना जसा पसरतो, तशी. दांड्यांच्या जाडीत थोडा फरक ठेवला. उभी रेघ जाड, आडवी जरा बारीक. ‘सी’ आणि ‘आर’ यांच्या टोकांना गोल मणी बसवले. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अक्षर थोडं अरुंद केलं. एवढ्यावर त्या ठोकळ्यांच्या अंगात माणूसपण आलं. क्लॅरेंडन पाहताना मला नेहमी एखादा जाड मिशांचा, खणखणीत आवाजाचा, पण लहान मुलांना पाहून आपोआप हळू बोलणारा हवालदार आठवतो.

पण या अक्षराचा खरा पराक्रम रूपात नाही, नोकरीत आहे. त्याआधी छापलेल्या मजकुरात एखादा शब्द उठून दिसावा असं वाटलं तर मुद्रकाची पंचाईत व्हायची. तिरपं अक्षर वापरावं तर तो शब्द ठळक होण्याऐवजी लाजल्यासारखा दिसतो. सगळी मोठी अक्षरं वापरावीत तर तो ओरडतो. मग थॉर्नच्या आखाड्यातला एखादा पहेलवान उचलून ओळीत बसवायचा! म्हणजे सत्यनारायणाच्या पूजेला जमलेल्या मंडळींत अचानक लंगोट लावलेला मल्ल येऊन बसावा, तसं. क्लॅरेंडन केलं ते नेहमीच्या पुस्तकी अक्षराच्या शेजारी, त्याच ओळीत, त्याच उंचीने बसेल असं. घरातलाच थोरला भाऊ, फक्त रोज जोर-बैठका काढणारा. शब्दकोशात शब्द ठळक आणि अर्थ साधा, वेळापत्रकात स्टेशन ठळक आणि वेळ साधी, ही जी सोय आज आपल्याला हवापाण्याइतकी नैसर्गिक वाटते, ती मुद्दाम अशा कामासाठी घडवलेल्या पहिल्या अक्षरांपैकी हे एक. पुढे तर इंग्रजी छापखान्यांत ‘क्लॅरेंडन’ हा शब्द कुठल्याही ठळक टाइपाला सर्रास वापरू लागले. आज संगणकावर ‘बी’ लिहिलेलं बटण दाबून आपण शब्द जाड करतो, तेव्हा कुठेतरी बेस्लीला उचकी लागत असली पाहिजे.

आणि इथेच अरुंदपणाचं मर्म आहे. शब्दकोशाचा रकाना म्हणजे मुंबईतली खोली. तिथे ठळक व्हायचं, पण फैलायचं नाही. अक्षर जाड केलं की ते आपसूक रुंद होतं. आणि रुंद झालं की ओळीतले दोन शब्द खालच्या ओळीत ढकलले जातात, त्या ओळीतले पुढच्या पानावर, आणि कोशाचा एक खंड वाढतो. तेव्हा जाडी वाढवायची आणि रुंदी आवरायची, असं हे दुहेरी काम होतं. ज्याने लोकलमध्ये चौथी सीट मिळवली आहे, आणि तीही मांडीवर डबा, डब्यावर पिशवी घेऊन, त्यालाच या कामाची अवघड बाजू कळेल.

कारण अक्षर अरुंद करणं म्हणजे ते दोन्ही बाजूंनी दाबणं नव्हे. अक्षराच्या पोटात जी पोकळी असते, ‘ओ’च्या आतली, ‘ई’च्या आतली, तिच्यातून उजेड यावा लागतो. दांडे जाड, त्यात टाचा जाड, आणि वर कंबर कमी; मग उजेड यायचा कुठून? शाई जरा जास्त झाली की ‘ई’चा डोळा मिटलाच. ‘एम’ला तर तीन पाय, प्रत्येकाला बूट. ते बूट एकमेकांवर चढू नयेत म्हणून आतल्या बाजूचे छाटावे लागतात. क्लॅरेंडनसारख्या चांगल्या अरुंद अक्षरात ही छाटाछाट इतक्या बेताने केलेली असते की वाचणाऱ्याला तिचा पत्ता लागत नाही. मी चांगल्या-वाईटाचा निवाडा याच एका परीक्षेवर करतो. पान डोळ्यांपासून लांब धरायचं आणि अक्षरांच्या पोटात दिवा लागलेला दिसतो का ते बघायचं. आमच्या हिचं म्हणणं, मी पान लांब धरतो ते चष्म्याचा नंबर बदलल्यामुळे. असेलही. परीक्षा मात्र खरी आहे.

मग तुम्ही विचाराल, जागा एवढी कमी आहे तर हे बूट हवेतच कशाला? अनवाणी अक्षर आणखी अरुंद करता येईल की! येतं. पण नुसते उभे दांडे जवळजवळ आले की ते कुंपणासारखे दिसतात. कुठला दांडा कुणाचा, ते कळेनासं होतं. टाचा त्या दांड्यांना खालून आणि वरून धरून ठेवतात. डोळा ओळीवरून सरळ धावायचा तर त्याला रूळ हवेत, ते रूळ या टाचांचे. शिवाय दोन शेजारी एकमेकांच्या अंगावर येऊ नयेत एवढं अंतरही त्याच राखतात. चाळीतल्या दोन बिऱ्हाडांच्या मधल्या उंबरठ्यांसारखं.

बेस्लीने हे अक्षर १८४५ साली रीतसर नोंदवलं. इंग्लंडात १८४२ चा नक्षीकामाच्या मालकीचा एक कायदा होता, त्याखाली. संरक्षण किती? तीन वर्षं. पोरगं अजून बालवाडीत जायचंय, तोवर त्याच्यावरचा बापाचा हक्क संपला! १८४८ उजाडलं आणि इतर फाउंड्र्यांनी क्लॅरेंडनच्या नकला धडाधड बाजारात आणल्या. त्या वेळी लंडनमध्ये पुणेरी पाटी लावायची पद्धत असती तर बेस्लीने ‘मूळ क्लॅरेंडन येथेच मिळेल, आमची कोठेही शाखा नाही’ अशी पाटी नक्की लावली असती. अर्थात त्याचं काही वाईट झालं नाही. १८६९ साली तो लंडनचा लॉर्ड मेयर झाला. अक्षर घडवून माणूस नगराध्यक्ष होऊ शकतो, ही गोष्ट आमच्या शाळेतल्या शुद्धलेखनाच्या तासाला कुणी सांगितली असती तर वर्गातली निम्मी मुलं घोटीव लिहायला लागली असती.

नकलांनी एक मात्र झालं. हे अक्षर कोशाच्या रकान्यातून बाहेर पडलं आणि थेट भिंतीवर चढलं. तेही अमेरिकेत.

भिंतीवरच्या जाहिरातीला मोठी अक्षरं लागतात. शिशाची मोठी अक्षरं जड, महाग आणि ठिसूळ. १८२७ साली न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने लाकडी अक्षरं यंत्रावर कापायची युक्ती काढली आणि १८३४ साली विल्यम लेव्हनवर्थने तिला पँटोग्राफ जोडला. पँटोग्राफ म्हणजे नकाशा लहान-मोठा करायची ती सांध्यांची पट्टी. झालं! एकाच नमुन्यावरून लहान, मोठं, रुंद, अरुंद, जसं हवं तसं लाकडी अक्षर कापून मिळू लागलं. आणि गरजही होतीच. त्या काळच्या जाहिरातीत प्रत्येक ओळ कागदाच्या या काठापासून त्या काठापर्यंत भरलीच पाहिजे असा दंडक. ‘सर्कस’ हा शब्द आखूड, तो रुंद अक्षरात. मालकाचं लांबलचक नाव अरुंद अक्षरात. गावाचं नाव त्याहून लांब, ते आणखी अरुंद अक्षरात, पण उंची कमी करायची नाही, नाहीतर गावकऱ्यांचा अपमान.

आपल्याकडच्या नाटकांच्या जाहिराती ज्यांनी नेमाने वाचल्या आहेत त्यांना हे नव्याने सांगायला नको. रविवारच्या पेपरातला तो एवढासा चौकोन. त्यात नाटकाचं नाव, संस्था, लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाश, सूत्रधार, ‘आणि’ असं वेगळं लिहून मग येणारे ज्येष्ठ कलावंत, शिवाजी मंदिर दु. ३॥, आणि ‘फोन बुकिंग चालू’. या चौकोनात कुणाचं नाव किती उंच, यावरून रंगभूमीवर जे नाट्य घडतं ते प्रयोगात पाहायला मिळत नाही. नाव लांब आणि मान मोठा अशा नटासाठी जगातल्या सगळ्या मुद्रकांनी एकच उपाय शोधला आहे. उंची द्या, रुंदी काढा. दोघंही खूश.

इथवर माझी या अक्षराबद्दल तक्रार नाही. अब्राहम लिंकनचा खून झाला तेव्हा, २० एप्रिल १८६५ रोजी, अमेरिकेच्या युद्धखात्याने मारेकऱ्यांना पकडून देण्यासाठी एक लाख डॉलरच्या इनामाचं पत्रक काढलं. वर तीन फोटो डकवलेले, खाली निरनिराळ्या जाडीची, निरनिराळ्या रुंदीची अक्षरं ओळीवर ओळ रचलेली. तिघांपैकी दोघांच्या नावांचं स्पेलिंग चुकलंय! पण ते पत्रक पाहताना हसू येत नाही. जुळाऱ्याच्या हाताला लागले ते खिळे त्याने घाईने लावले आहेत, आणि त्या घाईत, त्या दाटीत प्रसंगाचं गांभीर्य आहे. अक्षर इथे राबतं आहे. सोंग करत नाही.

सोंग सुरू झालं ते पुढे. क्लॅरेंडनच्या वंशात एक वाह्यात शाखा निघाली, तिचं नाव फ्रेंच क्लॅरेंडन. हिच्यात सगळं उलटं. उभे दांडे काडीसारखे बारीक आणि टाचा मात्र दांड्याच्या दुप्पट-तिप्पट जाड. म्हणजे हडकुळ्या माणसाने वडिलांचे गमबूट घालावेत आणि डोक्यावर पाट घ्यावा तसं. या उलट्या न्यायाचं पहिलं पाप तसं जुनं, १८२१ सालचं, कॅसलन फाउंड्रीचं, ‘इटालियन’ या नावाचं. तिथे रुंद अक्षर होतं. फ्रेंच क्लॅरेंडनने ते अरुंद करून जागेत बसवलं आणि अमेरिकेतल्या सर्कशींनी, तमाशेवाल्यांनी डोक्यावर घेतलं. तेही मी माफ करतो. सर्कशीत विदूषक हवाच. लांबून पाहिलं तर वर एक जाड पट्टा, खाली एक जाड पट्टा आणि मध्ये काड्या, असं ते दिसतं. वाचायला त्रास होतो, पण नजर खेचतं हे खरं. १९३८ साली रॉबर्ट हार्लिंगने शेफील्डच्या स्टीफन्सन ब्लेक फाउंड्रीसाठी ‘प्लेबिल’ केलं, ते याच घराण्यातलं. नावच नाटकाच्या जाहिरातीचं. हार्लिंगला गंमत करायची होती आणि ती त्याने चोख केली आहे. प्लेबिलचे गमबूट एका मापाचे, एका रांगेत, परेडला उभे असल्यासारखे आहेत.

माझं भांडण आहे ते त्यानंतरच्यांशी. घोडा, पिस्तूल आणि धूळ असलेल्या सिनेमांनी या अक्षराला एकदा कामाला लावलं आणि त्याच्या गळ्यात कायमचा बिल्ला अडकवला. आता हे अक्षर दिसलं की दाराला दोन झापा, आत दारू आणि बाहेर घोडा असलाच पाहिजे. पिझ्झाच्या दुकानावर हेच. मुलांच्या वाढदिवसाच्या ‘वाँटेड’ कार्डावर हेच. एका हॉटेलात तर मी दालखिचडी या अक्षरांत छापलेली पाहिली. इंग्रजी स्पेलिंगात, प्रत्येक अक्षराला गमबूट. दालखिचडीसारख्या आजारपणातल्या पदार्थाला इतकं शूर होण्याचं कारण काय? रोगी माणसाने मेन्यूकार्ड पाहून हात वर करावेत? ज्या अक्षराने शब्दकोशात मान खाली घालून काम केलं, त्याला लोकांनी दाढीमिशा लावून दारात उभं केलं आहे. लग्नाच्या हॉलबाहेर फेटा बांधून उभे केलेले ते मावळे पाहिले की मला हेच वाटतं. त्यांच्यातला कुणी खरोखर चांगला सुतार असेल, चांगला वाचक असेल, पण पाहुण्यांना फक्त फेटा दिसतो.

एकोणिसशे पन्नासनंतर काही शहाण्या माणसांनी क्लॅरेंडनला पुन्हा भलत्या संगतीतून बाहेर काढायचं मनावर घेतलं. १९५३ साली स्वित्झर्लंडच्या हास फाउंड्रीसाठी हेरमान आयडेनबेंझने ते नव्याने रेखलं; १९५५ साली अमेरिकेत फ्रीमन क्रॉने आपलं क्लॅरेंडन काढलं. दोन्ही देखणी आहेत, त्यात वादच नाही. आयडेनबेंझच्या ‘आर’चा तो पुढे टाकून वर उचललेला पाय पाहावा; कथकमधल्या पवित्र्यासारखा आहे. पण, आणि इथे जाणकार मंडळी माझ्यावर रागावतील, या दोघांचं अंग सुटलं आहे. बेस्लीचं अक्षर अरुंद होतं. हे ऐसपैस झालं. थोरल्या भावाला सरकारी नोकरी लागली, बंगला मिळाला, आणि तो खुर्चीत मागे रेलून बसला. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांच्या रस्त्यांवरच्या पाट्यांवर क्लॅरेंडनने अनेक वर्षं चाकरी केली. तिथे जागेला तोटा नाही, पाठीमागे डोंगर, समोर अरण्य. तिथे ऐसपैसपणा शोभतो. पण ज्या अडचणीतून हे अक्षर जन्मलं ती अडचणच काढून घेतली की उरतो तो नुसता भारदस्तपणा. फ्रीमन क्रॉच्या घराण्यात पुढे अरुंद भावंडही आलं, ते मला जास्त आवडतं. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्या तारखेची काळजी दिसते.

अडचण अक्षराला कसं वळण लावते हे पाहायचं तर टाइपरायटर पाहावा. तिथे प्रत्येक अक्षराला सारखीच जागा. ‘आय’लाही तेवढीच, ‘एम’लाही तेवढीच. म्हणजे चाळ. ‘आय’ हा एकटा जीव सदाशिव, त्याला दहा बाय दहाची खोली फार मोठी. म्हणून त्याला लांबलचक स्लॅब दिले, तो हातपाय पसरून खोली भरून टाकतो. ‘एम’ म्हणजे सहा पोरांचं बिऱ्हाड, ते त्याच खोलीत अंग चोरून बसतं. टाइपरायटरवरचा ‘एम’ हा खरा कंडेन्स्ड स्लॅब, आणि कुणीही त्याचं कौतुक केलेलं नाही. गोदरेजने १९५५ साली देशी टाइपरायटर काढल्यापासून आपल्या नेमणुका, बदल्या, बडतर्फ्या याच बिऱ्हाडाने आपल्याला कळवल्या.

आपल्या नागरी लिपीला या बुटांची गरज नाही. आपला स्लॅब एकच आणि तो वर. आपली अक्षरं जमिनीवर उभी नसतात, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी शिरोरेषेला लटकलेली असतात. आणि जागा वाचवायची आपली जुनी रीतही निराळी. इंग्रजांनी अक्षर अरुंद केलं. आपण माळा चढवला. ‘ट्ट’, ‘ड्ड’, ‘द्ध’ या जोडाक्षरांत एक भाडेकरू वर, एक खाली. पण आजच्या मथळ्यांना, पाट्यांना अरुंद नागरी लागतेच, आणि ती करणारे लोकही आहेत. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ साली ‘खंड’ आणि ‘तेको’ ही दोन आटोपशीर नागरी अक्षरं काढली. त्यांच्यात ‘ण’ आणि ‘श’ यांना कंबर आवळूनही श्वास घेता येतो. म्हणजे सोय आहे. ती वापरत मात्र कुणी नाही. चौकातले फ्लेक्स पाहा. नाव लांब, चौकट आखूड, की ते संगणकाच्या उंदराने दोन्ही बाजूंनी धरून चेंगरतात. असं चेंगरलं की होतं काय, उभे काने बारीक होतात, पण आडव्या शिरोरेषेची जाडी तशीच राहते. वर जाड पट्टा, खाली काड्या! फ्रेंच क्लॅरेंडन! ज्यासाठी अमेरिकेतल्या कारागिरांनी लाकूड कोरलं, ते आमच्या चौकात वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छांत कुणालाही न कळता फुकट तयार होतंय.

गेल्या भाद्रपदात सोसायटीच्या गणपतीचा फ्लेक्स करायला मी गेलो होतो. आमच्या सोसायटीचं मूळ नाव लांब, त्याला पुढे ‘सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’ हे शेपूट. दुकानातला मुलगा म्हणाला, “काका, नाव मोठं आहे, दाबून बसवतो.”

“दाबू नकोस रे बाबा. अरुंद अक्षर असतं एक, ते घे. मुळातच अरुंद.”

“म्हणजे दाबलेलंच ना?”

“नव्हे. दाबलेलं वेगळं आणि अरुंद वेगळं.” मी त्याला काना दाखवला, शिरोरेषा दाखवली, दोघांची जाडी बोटाने मोजून दाखवली. मागे चारजण रांगेत उभे होते. त्यांनीही मान वर करून पाहिलं. मुलगा हुशार होता. त्याने यादीतून ‘खंड’ शोधून काढलं, लावलं, मान मागे घेऊन पाहिलं. नाव कडेपर्यंत बरोबर बसलं होतं आणि ‘गृहनिर्माण’मधल्या ‘ण’च्या पोटात चक्क उजेड होता.

“हां, हे भारी दिसतंय,” तो म्हणाला. “काका, पण खालची ही कमिटीची बावीस नावं राहिली. ती दाबू ना?”